नवा पट्टा आणि उमरेडचा रस्ता

नागपूरला स्वतःच्या मोटारीने जाणार असाल, तर सामानात परकराच्या दोन जास्तीच्या नाड्या ठेवा. पाने, स्क्रू ड्रायव्हर, पाण्याचा डबा, हवा भरायचा पंप, बॅटरी, औषधं हे सगळं मी यादी करून घेतलं होतं. नाड्या घेतल्या नव्हत्या. त्यामुळे ज्या वापरात होत्या त्याच काढाव्या लागल्या. ते पुढे येईलच.

या प्रवासाला मी हौसेने निघाले नव्हते. माझी धाकटी बहीण मालू हिला उमरेडच्या पुढे, आडरस्त्यावरच्या एका मुलींच्या निवासी शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. शिक्षिकेची जागा, राहणं-जेवण शाळेतच. सोमवारी सकाळी अकराला हजर व्हायचं, आणि निवड झाली तर त्याच दिवशी कामाला लागायचं. मालूचा नवरा काही वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटून मोकळा झाला. तेव्हापासून ती आमच्या भावाकडे राहते, भावजयीच्या हाताखाली पोळ्या लाटते, आणि काहीही विचारलं की एकच उत्तर देते, "अक्का, तू म्हणशील तसं." नोकरीसाठीची तिची वयोमर्यादा या वर्षी संपत होती. ही जागा गेली असती तर दुसरी मिळायची नव्हती. म्हणून अर्ज मी लिहिला, प्रशस्तिपत्रं मी गोळा केली आणि मोटारही मीच काढली. आमचे हे म्हणाले, "आगगाडीने जा." पण ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि पुस्तकांचं खोकं घेऊन त्या आडगावात आगगाडी थोडीच जाणार होती? यांना मोटार चालवता येत नाही, मला येते. नाशिकला मुलींचं वसतिगृह सांभाळताना भाजीपासून गाद्यांपर्यंत सगळं मीच आणते, त्यामुळे आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचे लाड आणि रुसवे मला पाठ आहेत.

कोंढाळीच्या अलीकडे

अकोल्याला मुक्काम केला. तिथल्या थंडीने पहिला धक्का दिला. डिसेंबरमध्ये वऱ्हाडात स्वेटर लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अमरावती मागे टाकली आणि दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा दिसू लागल्या. आमच्याकडे द्राक्षाचा मांडव दिसला की माणूस गाडी थांबवून बघतो. इथे पिवळ्याधमक फळांनी वाकलेली झाडं मैलोगणती उभी, आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता लोक सायकली हाणत होते. मी कौतुकाने बघत असतानाच समोरचा लाल दिवा लागला आणि पाण्याच्या उष्णतेचा काटा वर चढू लागला.

बॉनेट उघडलं. पंखा थांबलेला, आणि त्याला फिरवणारा रबरी पट्टा तुकडे होऊन खाली लोंबत होता. हाच पट्टा पाण्याचा पंप आणि वीज करणारा डायनामोही फिरवतो. तो नसला तर गाडी चालते, पण थोडाच वेळ. मग इंजिन तापून मरतं. दुसरा पट्टा घ्यायला मी विसरले होते. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

"अक्का, दोरी चालेल?" मालूने विचारलं.

दोरी नव्हती. मग बाभळीच्या आडोशाला जाऊन आम्ही दोघींनी परकर सेफ्टी पिनांवर टांगले आणि नाड्या मोकळ्या केल्या. मालूने त्या दुहेरी करून चारपेडी घट्ट वेणी घातली. ती पट्ट्याच्या चाकांवरून ओढून गाठ मारली. रस्त्याकडेला संत्र्यांच्या पाट्या भरणारा एक शेतकरी उठून जवळ आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काहून वं बाई, गाडीले नाडी बांधून राहिल्या? सुटते काय ते?" मग स्वतःच हसला आणि पदरात मावणार नाहीत इतकी संत्री घालून गेला. त्याने पैसे घेतले नाहीत. नाशिकला रस्त्यावर कुणी असं पोतंभर फळ फुकट दिलं असतं, तर मी आधी ते किडकं आहे का बघितलं असतं.

वेणी घसरत होती, थांबून पाणी घालावं लागत होतं. पण नागपूर गाठलं.

महाल

महाल या नागपूरच्या जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकलरिक्षा आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं. त्यात वामन मिस्त्रीचं दुकान. मिस्त्री म्हणजे भरघोस मिशांचा, आवाजाने अख्खी गल्ली गोळा करणारा माणूस. त्याने बॉनेट उघडलं, वेणी सोडवून हातात उंच धरली आणि ओरडला, "पाहा रे पाहा! बायांनी केसायची नाही, नाड्याची वेणी घातली!" समोरच्या कासाराच्या दुकानातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला भूमी दुभंगली तर बरं असं झालं. पण काम चोख होतं. डायनामो सैल केला, नवा पट्टा चढवला, डायनामो ओढून कसला, आणि पट्टा अंगठ्याने दाबून किती लवतो ते मला दाखवलं.

"उद्या पहाटे लांब जायचंय," मी म्हटलं. "बहिणीच्या नोकरीचा प्रश्न आहे. वाटेत दगा व्हायला नको."

"दगा?" त्याने मिशीला पीळ दिला. "बाई, माह्या हातचं काम करून गाडी बंद पडली, त या मिशा उतरवून तुमच्या हातात देईन!"

गल्ली साक्षीला होती. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि आम्ही नंदनवनात पोचलो.

नंदनवन, रविवार

नंदनवनात माझी मामेबहीण शकूताई राहते. तिचे यजमान बापूराव यांची काटोल रस्त्याला संत्र्यांची बाग आहे. शकूताई मूळची आमच्यातली, पण वीस वर्षांत तिची बोली पार नागपुरी झाली आहे. बापूराव नात्याने माझे भाऊजी, म्हणजे मेव्हण्यांची थट्टा करायचा त्यांना हक्क. त्यांच्याही मिशा मिस्त्रीच्या तोडीच्या.

आत गेलो आणि पाच मिनिटांत आमच्या चपला नाहीशा झाल्या. मग मालूची पिशवीही दिसेना. मी घाबरून शोधायला लागले, तर शकूताई शांतपणे म्हणाली, "मिळतीन. जेवण झालं की मिळतीन. इकडची रीतच आहे वं ते."

आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" विचारतात, आणि तो नको म्हणाला की सुटका झाल्यासारखं वाटतं. इथे पाहुणा न जेवता निघू नये म्हणून त्याच्या चपला लपवतात! रीत सांगणारी माणसं तिचा अभिमान बाळगतात, हे त्याहून नवल.

जेवायला पाटवड्यांचा रस्सा होता. पहिला घास घेतला आणि माझ्या कानांतून वाफ निघाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, बोलायची सोय नाही.

"काय मेव्हणीबाई, माहेरची आठवण आली?" भाऊजींनी विचारलं आणि वर आणखी तर्री ओतली.

जेवण झाल्यावर चपला तांदळाच्या डब्यामागून आणि पिशवी माळ्यावरून निघाली. अंगणात भाऊजींची जीप उभी होती. तिची किल्ली जागच्या जागी लावलेली बघून मी दचकले.

"भाऊजी, किल्ली गाडीतच! कुणी नेली तर?"

"न्या ना! तुम्हीच चालू करून पाहा." ते मिशीत हसले. "झाली चालू त जीप तुमची."

मला वाटलं जीप बिघडलेली आहे. वसतिगृहात मला सगळ्या कुलपांचा हिशोब लागतो, त्यामुळे त्या किल्लीने माझं मन बेचैन झालं, पण मी विषय सोडला. सगळ्यांना उद्याचा बेत सांगितला. साडेसहाला निघायचं, वाटेत चहा, दहाच्या आत शाळेत. नाश्ता नाही.

"नाश्ता नाही?" भाऊजींचा चेहरा पडला. "माह्या घरून मेव्हण्या उपाशी गेल्या त लोक काय म्हणतीन? अकरा वाजताची त मुलाखत आहे. आठ वाजता निघाल्या तरी पोचून जातान."

"नाश्ता नाही," मी पुन्हा सांगितलं. मालूने मान खाली घातली. ती दिवसभरात चार शब्द बोलली नव्हती.

नंदनवन, सोमवार सकाळ

उजाडताना धुकं होतं. सामान रात्रीच भरलेलं. भाऊजींची जीप अंगणात नव्हती. पहाटेच बागेकडे गेले, असं शकूताईने सांगितलं. मी किल्ली फिरवली. इंजिन घर्र घर्र फिरलं, पण सुरू झालं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

काल चाललेली गाडी!

शेजारचे मफलरवाले काका फाटकाशी आले. "पट्टा उलटा बसवला असंन," ते म्हणाले. त्यांच्या मागून आलेले दुसरे एक शेजारी म्हणाले, "पट्टा जास्त कसला की इंजिन जाम होते." शकूताई म्हणाली, "तो मिस्त्री मेला बोलतेच जास्त. म्हणे गाडी बंद पडली त मिशा उतरवतो!"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पहिलं नाव मिस्त्रीचंच आलं. काल हात त्याचा लागला होता. पण पट्ट्याने इंजिन सुरू व्हायचं थांबत नाही, तो तुटल्यावरही गाडी सुरू होत होती. इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे बॅटरीही ठीक. मग उरल्या दोन गोष्टी, पेट्रोल आणि ठिणगी. मी मालूला चालवणाऱ्याच्या जागी बसवलं, फिरव म्हटलं की किल्ली फिरवायची, आणि पदर खोचला.

पेट्रोलची नळी सोडली. मालूने किल्ली फिरवली, पेट्रोल भस्सकन बाहेर आलं. नळी परत लावली, सांडलेलं पुसून वाळू दिलं. मग एका प्लगची वायर काढून तिचं टोक लोखंडाजवळ धरलं. ठिणगी पडायला हवी होती. नाही पडली. डायनामो हलवताना मिस्त्रीने ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलची एखादी वायर ओढली असेल म्हणून तिथे बघितलं, तर सगळ्या घट्ट. कॉइलची मधली जाड वायर काढून धरली आणि मालूला म्हटलं, "फिरव." चट्! निळी ठिणगी पडली, तिचा चटका माझ्या कोपरापर्यंत गेला आणि मी किंचाळले. फाटकाशी दोन माणसं वाढली.

म्हणजे ठिणगी कॉइलपर्यंत येत होती, प्लगपर्यंत जात नव्हती. मधे उरलं एकच. चार प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारं डबडं, डिस्ट्रिब्यूटर. त्याचं टोपण काढलं आणि मी आत बघतच राहिले. आत फिरणारा रोटर, बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, जागेवर नव्हता. तुटलेला नाही, झिजलेला नाही. नव्हताच.

तेवढ्यात मफलरवाल्या काकांनी स्कूटरवर पाठवलेला माणूस वामन मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री झोपेतून उठून आला होता. त्याचा हात मिशीवर होता.

"चोरला!" शकूताई ओरडली. "नवा पट्टा लावला अन् जुना माल काढून घेतला!"

"बाई, पोराबाळाची शप्पथ," त्याचा आवाज गल्लीतल्यासारखा राहिला नव्हता. "मी त्या टोपणाले हातच नाही लावला."

"आता बोलून राहिला मोठा! मिशा काढ पहिले!" फाटकातून कुणीतरी म्हणालं, आणि एकाने खरंच त्याची कॉलर धरली.

"सोडा त्यांना," मी म्हटलं. "रोटर नसता तर महालातून ही गाडी इथे आलीच नसती. काल संध्याकाळी तो आत होता. तो या अंगणात निघालाय."

हे बोलताना माझ्याच लक्षात आलं. अंगणात म्हणजे घरच्याच कुणीतरी! शकूताईचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्रीने कॉलर नीट केली आणि म्हणाला, "दुकानं दहाशिवाय उघडत नाही. एका गिऱ्हाईकाची गाडी खोलून पडली आहे, तिचा काढून आणतो." आणि तो त्याच स्कूटरवर मागे बसून गेला.

मी मनात हिशोब केला. सकाळची एसटी गेलेली, पुढची दुपारची. टॅक्सी बोलवायला माणूस पाठवायचा, ती मिळेल का, आडरस्त्यावर येईल का. मालूला हे विचारायला वळले, तर गाडीत मालू नव्हती. घरात नव्हती. मागच्या अंगणात नव्हती. चपला जागेवर नव्हत्या, आणि या वेळी त्या कुणी लपवल्या नव्हत्या.

कोपऱ्यावरची दूधवाली हंडा सावरत धावत आली. "शकूबाई, तुमची पाव्हणी! उमरेडच्या रस्त्यावर उभी राहिली, हात केला अन् कोयशाच्या ट्रकात बसून गेली वं!"

मालू. जी रिक्षातसुद्धा माझा हात धरून बसते. कोळशाच्या ट्रकमध्ये. एकटी. मी पायरीवर बसले. शकूताई रडायला लागली.

आणि तेवढ्यात जीप आली. भाऊजी उतरले. एका हातात संत्र्यांची टोपली, दुसऱ्या हातात कागदात बांधलेले गरम पोहे आणि तर्रीचा डबा. "पंक्चर झाली बाप्पा वाटेत, नाहीतर केव्हाचा आलो असतो," ते म्हणाले. मग पोहे पायरीवर ठेवून, माझ्यासमोर येऊन, डोळे मिचकावत, शर्टाच्या खिशातून काळा तुकडा काढला. "काय मेव्हणीबाई, जाऊन राहिल्या होत्या उपाशी? चोरी नको म्हणून रोज जीपचा काढून ठेवतो, आज तुमच्या गाडीचा काढला. आता पोहे खा अन् मग जा."

कुणी हसलं नाही.

"मालू कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

शकूताईने सांगितलं. ट्रक, मिस्त्रीची कॉलर, मिशा, सगळं. भाऊजींच्या हातातली टोपली कलली आणि संत्री अंगणभर घरंगळली. ती उचलायला ते वाकले नाहीत. त्यांनी स्वतः रोटर बसवला, टोपण लावताना त्याची पकड दोनदा निसटली, ती तिसऱ्यांदा बसवली. गाडी लगेच सुरू झाली.

"मी येतो संगं," ते म्हणाले.

"नको," मी म्हटलं. त्या क्षणी मला त्यांचा चेहरा नको होता.

उमरेडचा रस्ता

या रस्त्याचं वर्णन मला करता येणार नाही. मी फक्त ट्रक बघत होते. समोरून येणाऱ्या भरलेल्या ट्रकांमधून कोळशाची भुकटी काचेवर उडत होती, आणि उमरेडकडे जाणाऱ्या प्रत्येक रिकाम्या ट्रकला मागे टाकताना मी त्याच्या केबिनमध्ये डोकावत होते. एका सरदारजी चालकाने माझ्याकडे बघून कानाला हात लावला. आपण भावाला काय सांगायचं, पोलिसात काय लिहून द्यायचं, तिने कुठली साडी नेसली होती, हे सगळं मी क्रमाने मनात मांडत होते. फिकट निळी, बारीक काठांची. मीच काढून दिलेली.

उमरेडच्या पुढे शाळेकडे वळायच्या फाट्यावर चहाची टपरी होती. तिथे विचारलं. टपरीवाला म्हणाला, "हाव, एक बाई उतरली ना ट्रकातून. इथून काही वाहन नाही म्हटलं, त पाटलाच्या दमणीत बसून गेली. बैल पळवत नेले त्यानं." दमणी म्हणजे तिकडची हलकी बैलगाडी. माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच नवा धसका बसला. ती पोचेल, पण कुठल्या अवतारात? प्रशस्तिपत्रांची पिशवी तर गाडीत माझ्या शेजारी होती.

शाळेत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. कौलारू इमारत, पुढे सागाची झाडं, आणि अंगणात दमणीचे सोडलेले बैल चारा खात होते. मुख्याध्यापिका ओसरीत बसल्या होत्या. मी पिशवी पुढे करून एका दमात सगळं सांगायला लागले, गाडी, रोटर, भाऊजी, माफ करा.

"बसा, पाणी घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या बहिणीची मुलाखत झाली. तोंडावर कोळसा, साडीला गवत, अशा आल्या. तोंड धुतलं अन् बसल्या समोर. आम्ही सगळ्यांले एकच विचारतो. चांगल्या शिकलेल्या बाया येतात अन् महिन्याभरात पळून जातात. म्हणून विचारलं, बाई, इथं पावसाळ्यात एसटी येत नाही, गाडी-घोडा काही नाही, तुम्ही कशा राहाल? त म्हणाल्या, आज माझी गाडी बंद पडली, तरी मी वेळेवर आले ना?" त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि न उघडता बाजूला ठेवली. "कागद मागून पाहू."

वर्गाच्या दारातून मालू दिसली. फळ्यावर लिहीत होती. साडीच्या पाठीवर कोळशाचा भलामोठा पट्टा उमटला होता आणि पुढच्या बाकावरच्या मुली त्याकडे बघून खुसखुसत होत्या. तिने वळून त्यांना बघितलं, मग मला बघितलं.

"अक्का, वळकटी आणलीस ना? ती पलीकडच्या खोलीत ठेव. ट्रंक खिडकीखाली. आणि उजेडात परत नीघ, रस्ता वाईट आहे."

मी वळकटी उचलली. "तू म्हणशील तसं," मी म्हटलं.

परत नंदनवन

संध्याकाळी शकूताईच्या दारात एका अनोळखी माणसाने फाटक उघडलं. मी दोन पावलं मागे सरले. मग आवाजावरून ओळखलं. भाऊजी होते. मिशा नव्हत्या. वरचा ओठ कोवळा, पांढुरका, लहान मुलासारखा.

"मिस्त्रीच्या दुकानापुढे बसून उतरवल्या," शकूताई म्हणाली. "साऱ्या गल्लीसमोर. मंग त्याले घरी आणून जेऊ घातलं. माह्याच्यानं या तोंडाकडे पाहवत नाही बाप्पा."

"भेटली नोकरी?" भाऊजींनी विचारलं.

"मिळाली."

त्यांनी ओठावरून हात फिरवला, तिथे काहीच नाही हे लक्षात आलं आणि हात खाली घेतला. "नसती भेटली त मी काय तोंड दाखवलं असतं तिले?"

राग गेला होता असं नाही. पण ती रात्र मी तिथेच राहिले.

सकाळी निघताना चपला दारात, जागच्या जागी, पुसून ठेवलेल्या होत्या. पिशवी गाडीत. भाऊजी गाडीजवळ उभे होते, शर्टाचे आणि पायजम्याचे खिसे बाहेर उलटे काढून. "पाहून घ्या, मेव्हणीबाई. काही नाही."

मी बसले, किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. नवा पट्टा सुरेख गुणगुणत होता. डाव्या हाताच्या रिकाम्या जागेवर संत्र्याची एक वाळकी साल पडली होती. नाशिकपर्यंतचा सगळा रस्ता मनात मांडला. अमरावती किती वाजता, अकोला किती वाजता. मग मी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि चपला दाराशी काढल्या.

"भाऊजी," मी म्हटलं, "ते पोहे कुठे मिळतात?"